चॉकलेट कुकीज उन्हाळ्यात पसरून सपाट होतायत? आधी बटर तपासा, मग बाकीचं

गेली तीन वर्षं माझ्याकडे हे असंच चाललं होतं. डिसेंबर-जानेवारीत चॉकलेट कुकीज एकदम मस्त व्हायच्या, मधे जाड, वरून छान तडे गेलेल्या, कडेने खुसखुशीत, आणि एप्रिल लागला की तीच रेसिपी, तोच मैदा, तीच कोको पावडर, तोच ओटीजी (घरगुती छोटा विजेचा ओव्हन), पण ट्रे बाहेर काढला की सगळ्या कुकीज एकमेकींना चिकटून एक काळी पातळ चादर झालेली. कडा करपलेल्या, मधे तेलकट, खालच्या बटर पेपरवर तुपाचे डाग. मी नागपूरला राहते, मे महिन्यात इथे ४५ डिग्री म्हणजे काही विशेष नाही, पण त्याचा कुकीजशी काही संबंध असेल हे डोक्यातच आलं नव्हतं कारण ओव्हनमध्ये तर १७० डिग्री असतातच ना, मग बाहेर किती का असेना असं वाटायचं.

ज्यांना हाच त्रास होतोय त्यांच्यासाठी सगळं सविस्तर लिहितेय, कारण मी यात खूप सामान वाया घालवलंय आणि बटर काही स्वस्त नाही.

आधी रेसिपी सांगते म्हणजे पुढचं समजेल. बिनअंड्याच्या आहेत, घरी बरेच जण अंडं खात नाहीत म्हणून. १०० ग्रॅम बटर (अमूलचं १०० ग्रॅमचं पाकीट येतं ते पूर्ण, त्यात मीठ असतंच त्यामुळे वेगळं मीठ घालत नाही), ६० ग्रॅम साखर मिक्सरला एक-दोनदा फिरवून रवाळ केलेली, ५० ग्रॅम ब्राऊन शुगर, १३० ग्रॅम मैदा, २५ ग्रॅम कोको पावडर, पाव टीस्पून खायचा सोडा, एक ते दोन टेबलस्पून थंड दूध, थोडा व्हॅनिला, आणि ८० ग्रॅम चॉको चिप्स किंवा डार्क चॉकलेटचे सुरीने केलेले तुकडे. बटर आणि साखर फेटायची, मैदा-कोको-सोडा एकत्र चाळून त्यात मिसळायचं, लागेल तसं दूध, शेवटी चॉकलेट. ३० ग्रॅमचे पंधरा गोळे होतात. १७० डिग्रीला ११ ते १३ मिनिटं. एवढंच, यात अवघड काहीच नाही, आणि म्हणूनच बिघडलं की जास्त वैताग येतो.

पहिल्या वर्षी मला वाटलं सोडा जुना झाला असेल, नवीन आणला. काही फरक नाही. मग वाटलं मैदा कमी पडतोय, तो २० ग्रॅम वाढवला, तर कुकीज पसरायच्या जराशा कमी झाल्या पण चवीला अगदी कोरड्या, पिठूळ, घशात अडकणाऱ्या. मग ओटीजीवर संशय, दुकानात नेऊन तपासून आणला. दुसऱ्या वर्षी कोको पावडर बदलली. म्हणजे बटर सोडून सगळं बदलून झालं, कारण बटरबद्दल रेसिपीत "रूम टेंपरेचरला आणा" असं लिहिलेलं असतं आणि मी ते इमानदारीत करत होते, ओट्यावर अर्धा तास काढून ठेवायचे.

तिढा सुटला तो आईमुळे. मागच्या मे महिन्यात ती आली होती, मी कुकीज करताना ती बाजूला खुर्ची टाकून बसली होती, भांड्यातलं बटर बघून म्हणाली, "अगं, हे तर वितळत आलंय. चिरोट्यांचा साटा करताना आपण असं पातळ तूप घेतो का? थिजलेलं घेतो, आणि उन्हाळा असला तर बर्फाचा खडा टाकून हाताने फेसतो, पांढरंशुभ्र होईपर्यंत. पातळ तूप फेसून कधी हलकं होतं का?" मी चमचा तसाच हातात धरून उभी राहिले. लहानपणापासून तिला परातीत तूप फेसताना बघितलंय, तळहाताने गोल गोल, आधी पिवळं, मग फिकट, मग एकदम लोण्यासारखं फुललेलं. तूप पातळ झालं की ती सगळं थांबवून परात गार पाण्याच्या भांड्यावर ठेवायची. हे सगळं मला माहीत होतं आणि तरी कुकीजच्या वेळी आठवलं नाही, कारण कुकीज म्हणजे बाहेरून आलेली गोष्ट, तिचे नियम वेगळे असं मनात धरलेलं.

त्याच संध्याकाळी स्वयंपाकातला टोकदार थर्मामीटर बटरमध्ये खुपसून बघितला. ओट्यावर अर्धा तास ठेवलेलं बटर ३१ डिग्री. बटर साधारण ३२ ते ३५ डिग्रीला पूर्ण वितळतं, म्हणजे मी अक्षरशः वितळायच्या काठावरचं बटर फेटत होते. आणि या रेसिपी ज्या देशांतून आल्या तिथलं रूम टेंपरेचर म्हणजे २०-२१ डिग्री, फेटायला बटर हवं १८ ते २० डिग्रीचं. आपल्याकडे डिसेंबरात स्वयंपाकघर आपोआप तेवढं असतं, म्हणून माझ्या कुकीज हिवाळ्यात जमत होत्या. माझा हात काही तेव्हा जास्त चांगला चालत नव्हता, हवा मदत करत होती.

नेमकं काय होतं ते सांगते. घट्टसर बटर साखरेबरोबर फेटलं की साखरेचे दाणे बटरमध्ये बारीक बारीक हवा अडकवतात, ती हवा नंतर ओव्हनमध्ये फुलते आणि कुकीला उंची देते. पातळ बटर हवा धरूनच ठेवू शकत नाही, कितीही वेळ बीटर फिरवा. आणि दुसरं जास्त महत्त्वाचं, कुकी ओव्हनमध्ये गेल्यावर एक शर्यतच असते, एकीकडे बटर वितळून गोळा पसरायला बघतो आणि दुसरीकडे मैदा शिजून, पाणी उडून कुकीचा आकार धरायला बघतो. गोळा गार असेल तर बटर वितळायला वेळ लागतो तेवढ्यात कडा घट्ट होतात, आणि बटर आधीच पातळ असेल तर आकार धरायच्या आत सगळं वाहून गेलेलं असतं. बिनअंड्याच्या कुकीजमध्ये हे अजूनच जाणवतं कारण अंडं गरम झालं की घट्ट होऊन आधार देतं, तो आधार इथे नाही.

आता मी उन्हाळ्यात कसं करते ते. शक्यतो सकाळी सहा-साडेसहाला करते, दुपारी अजिबात नाही. बटर फ्रीजमधून काढून सुरीने छोटे चौकोनी तुकडे करायचे आणि पाच ते सात मिनिटं, बास. बोटाने दाबल्यावर खळगा पडला पाहिजे पण बोट वर घेतल्यावर ते तुपकट चकाकता कामा नये, ही माझी खूण आहे, थर्मामीटर नसला तरी चालतं. चकाकलं की परत फ्रीजमध्ये. स्टीलचं भांडं आणि बीटरच्या पात्या दहा मिनिटं आधी फ्रीजमध्ये ठेवते, कारण फेटताना घर्षणाने बटर परत गरम होतं. फेटायचं दोन मिनिटं, जास्तीत जास्त तीन, रंग फिकट झाला आणि भांड्याच्या कडेला लागलेलं मिश्रण मॅट दिसलं की थांबायचं. मिश्रण चमकायला लागलं तर समजा उशीर झाला, भांडं लगेच फ्रीजमध्ये आणि दहा मिनिटांनी पुढे.

आणि एक गोष्ट जी मला खूप उशिरा लक्षात आली. मैदा! उन्हाळ्यात डब्यातला मैदा आणि कोको सुद्धा ३८-४० डिग्रीचे असतात, साखरही. तुम्ही एवढं जपून १९ डिग्रीचं बटर फेटलं आणि त्यात दीडशे ग्रॅम गरम पीठ ओतलं की सगळी मेहनत तिथेच गेली, मिसळता मिसळता गोळा हाताला चिकटायला लागतो. म्हणून मैदा, कोको, सोडा आदल्या रात्रीच चाळून झाकणाच्या डब्यात फ्रीजमध्ये ठेवायचं, झाकण घट्ट हवं नाहीतर कोकोला कालच्या भाजीचा वास लागतो. साखरेचा डबाही शेजारीच. हे एक काम केल्यावर जेवढा फरक पडला तेवढा दुसऱ्या कशानेच नाही.

पीठ मळायचं नाही, फक्त एकजीव होईपर्यंत. मग लगेच गोळे करून ताटात ठेवून फ्रीजमध्ये, कमीत कमी ४५ मिनिटं. आधी मी सगळं पीठ एकत्र भांड्यात ठेवायचे आणि नंतर गोळे करायचे, तर ते आतपर्यंत गार व्हायला दोन-अडीच तास लागायचे आणि वर परत गोळे करताना हाताच्या उबेने मऊ व्हायचं. आधी गोळे, मग फ्रीज. रात्रभर ठेवलं तर अजून छान, मैदा ओलावा नीट शोषून घेतो, चवही मुरते. मी एकाच पिठातल्या चार कुकीज मुद्दाम चार प्रकारे भाजून बघितल्या, एक लगेच, एक अर्ध्या तासाने, एक तीन तासांनी, एक दुसऱ्या दिवशी, आणि जाळीवर ओळीने ठेवल्या. पहिली पार पापडासारखी, शेवटची जाड आणि मधे मऊ, रंगही जास्त गडद. मधल्या दोघींत फार फरक नव्हता, म्हणून घाई असेल तर पाऊण तास पुरे म्हणते.

एवढं करूनही पसरत असतील तर पुढचा संशय ओव्हनवर. ओटीजीचा काटा १७० दाखवतो म्हणजे आत १७० असतंच असं नाही, २०-२५ डिग्रीचा फरक अगदी सहज असतो. ओव्हन कमी गरम असेल तर तीच शर्यत बटर जिंकतं. आत ठेवायचा छोटा ओव्हन थर्मामीटर मिळतो तो घ्यायला परवडत असेल तर घ्याच. नसेल तर साखरेने तपासता येतं, साखर साधारण १८६ डिग्रीला वितळते, तर फॉइलच्या छोट्या वाटीत एक चमचा साखर घालून आधी १७५ ला पंधरा मिनिटं ठेवायची, ती तशीच कोरडी राहिली पाहिजे. वितळली तर तुमचा ओव्हन जास्त तापतो. मग नवीन साखर घेऊन १९० ला पंधरा मिनिटं, आता ती वितळायला हवी. नाही वितळली तर ओव्हन कमी तापतो, आणि मग काटा तेवढा पुढे ठेवून भाजायचं. माझा कमी तापत होता, दुकानात "सगळं ठीक आहे" सांगितलं होतं तरीही. आता मी काटा १८५ वर ठेवते.

प्रीहीट, म्हणजे ट्रे ठेवायच्या आधी रिकामा ओव्हन तापवणं, पूर्ण पंधरा मिनिटं, खालचा-वरचा दोन्ही रॉड चालू. दिवा विझला म्हणजे झालं असं नाही, तेव्हा फक्त आतली हवा तापलेली असते, भिंती नाही, दार उघडलं की ती हवा बाहेर. उन्हाळ्यात संध्याकाळी घरोघरी कूलर-एसी चालू असतात तेव्हा आमच्याकडे व्होल्टेज पडतं, आणि व्होल्टेज २३० चं २०० झालं तरी रॉडची ताकद जवळजवळ पाव भागाने कमी होते. काटा १७० पर्यंत पोचतो पण वेळ जास्त लागतो, आणि दार उघडून ट्रे आत टाकल्यावर उतरलेलं तापमान परत वर यायला खूप वेळ घेतं. सकाळी करायचं त्याचं हे दुसरं कारण. कन्व्हेक्शनवाला मायक्रोवेव्ह असेल तर त्यात पंखा असतो, तिथे १५-२० डिग्री कमी ठेवा.

ट्रेचंही बघा. बटर पेपर लावत असाल तर ट्रेला तूप-तेल लावू नका, तुपावरून गोळा घसरतच जातो. आणि पहिली खेप निघाली की त्याच गरम ट्रेवर दुसरी खेप लावायची नाही, हे मी कित्येकदा केलंय, गोळे ओव्हनमध्ये जायच्या आधीच खालून वितळायला लागतात. दोन ट्रे नसतील तर थोडा निवू द्या, मग नळाखाली धरून गार करून कोरडा पुसून घ्या.

सोड्याबद्दल थोडक्यात. पाव टीस्पून म्हणजे मापाच्या चमच्याने, सपाट करून. चहाचा चमचा किंवा मिसळणाच्या डब्यातला चमचा नको, त्याने सहज दुप्पट पडतो, आणि सोडा जास्त झाला की कुकी पसरते, पटकन काळपट होते आणि जिभेवर साबणासारखी चव राहते. तुमची कुकी सपाट पण आहे आणि साबणासारखी पण लागतेय तर बटर नाही, सोडाच आहे तो. डच कोको वापरत असाल तर त्यातला आंबटपणा आधीच काढून टाकलेला असतो, त्यामुळे नुसत्या सोड्याला भिडायला काही उरत नाही आणि ही चव लवकर जाणवते, अशा वेळी सोडा चिमूटभर आणि अर्धा टीस्पून बेकिंग पावडर घाला.

वाटी-कपाचं माप सोडून वजनकाटा घ्या ही अगदी कळकळीची विनंती. एक कप मैदा हलक्या हाताने चमच्याने भरून सपाट केला तर १२०-१२५ ग्रॅम, आणि कप डब्यात खुपसून भरला तर १४५-१५० सुद्धा होतो, एवढ्या फरकात कुकीचा लाडू होतो किंवा पापड होतो. साखरही मनाने वाढवू नका, साखर ओव्हनमध्ये पातळ होते त्यामुळे जास्त गोड कुकी जास्त पसरते. घरचं लोणी वापरायचं असेल तर चवीला फार सुंदर लागतं पण त्यात ताकाचं पाणी किती राहिलंय ते दर वेळी वेगळं, बाजारच्या बटरमध्ये ते १६ टक्क्यांच्या आतच असतं. लोणी घेणार असाल तर गार पाण्याने धुवून, कापडात दाबून पाणी काढा आणि दूध अजिबात घालू नका. अंडं घालायचं असेल तर एक अंडं, दूध वगळायचं आणि मैदा २५-३० ग्रॅम वाढवायचा.

उलटी तक्रारही असते, कुकी पसरतच नाही, गोळ्याचा गोळा राहते, वर कोरडे तडे. ते बहुतेक कोको जास्त पडल्यामुळे, कोको मैद्यापेक्षा जास्त ओलावा ओढतो, "अजून चॉकलेटी" करायला म्हणून दोन चमचे जास्त घातला की असंच होणार. एक-दोन चमचे दूध वाढवा आणि गोळा तळहाताने थोडा दाबून ठेवा. जास्त चॉकलेटी हवं असेल तर चिरलेलं चॉकलेट वाढवा, कोको नको.

कुठलीही अडचण असो, पूर्ण ट्रे लावायच्या आधी एकच कुकी भाजून बघा. फक्त बारा मिनिटं जातात. फार पसरली तर उरलेल्या पिठात एक टेबलस्पून मैदा घाला किंवा गोळे वीस मिनिटं फ्रीझरमध्ये टाका, पसरली नाही तर चमचाभर दूध. बाकीच्या चौदा वाचतात.

आणि ट्रे बाहेर काढल्यावर कळलं की पसरल्यात, तरी लगेच हातपाय गाळू नका. एक मिनिटाच्या आत, गरम असतानाच, कुकीपेक्षा थोडी मोठी वाटी किंवा डब्याचं गोल झाकण कुकीवर उपडं ठेवून गोल गोल फिरवा, कडा आत सरकतात, कुकी गोल होते आणि थोडी जाडही. निवल्यावर हे होत नाही, तुटते. अगदीच चादर झाली असेल तर कुस्करून डब्यात भरा, आइस्क्रीमवर किंवा मिल्कशेकमध्ये संपते.

बाहेर काढताना कुकी मधे मऊ असणारच, ती कच्ची नाही. मऊ लागतेय म्हणून अजून पाच मिनिटं ठेवली की निवल्यावर दात दुखतील एवढी कडक. ट्रेवरच सात-आठ मिनिटं, मग जाळीवर. आणि इथे नागपूर-अकोला-अमरावतीकडच्यांसाठी खास, जाळी कूलरच्या हवेत ठेवू नका! हवा गार लागते म्हणून मी हॉलमध्ये नेऊन ठेवायचे आणि तासाभरात खुसखुशीत कडा मऊ लोळागोळा, कारण कूलरच्या हवेत पाण्याचा अंश असतो आणि साखर तो ओढून घेते. स्वयंपाकघरात कोरड्या हवेत गार करा, पूर्ण निवल्यावरच डब्यात भरा, कोमट भरल्या तर आत वाफ धरते. मुंबई-कोकणात पावसाळ्यातही हाच प्रश्न येतो. मऊ पडल्याच तर १५० डिग्रीला पाच मिनिटं ठेवून परत गार करा, खुसखुशीतपणा बऱ्यापैकी परत येतो.

या वर्षी मी मार्च संपायच्या आतच पिठाचे साठ गोळे करून ठेवले, ताटात वेगवेगळे ठेवून फ्रीझरमध्ये कडक केले, मग पिशवीत एकत्र, दोन-तीन महिने छान टिकतात. भाची सुट्टीला आलीये, ती दुपारी येऊन विचारते "मावशी, आज किती भाजायच्या?" आणि आम्ही चारच काढतो. फ्रीझरमधले गोळे बाहेर ठेवून मऊ करायचे नाहीत, तसेच दगडासारखे ट्रेवर ठेवायचे आणि दोन मिनिटं जास्त भाजायचे. ४४ डिग्री होतं काल बाहेर, आणि कुकीज जाड.